‘स्कूल बस लायसन’ असं काही नसतं, त्याचे मी ३८,५०० रुपये मोजले

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. आपल्याकडे ‘स्कूल बस लायसन’ नावाचा परवाना नाही. शाळेची मोठी बस चालवायला परवान्यावर ट्रान्सपोर्टची नोंद लागते, म्हणजे आपण ज्याला टीआर म्हणतो ती. त्यावर पब्लिक सर्व्हिस वाहनाचा बॅज. ‘स्कूल बस स्पेशल टेस्ट’ कुठलंही आरटीओ घेत नाही. या नसलेल्या परीक्षेसाठी मी एका एजंटाला १२,००० रुपये रोख दिले आणि पावतीही नीट वाचली नाही.

पूर्ण हिशेब देतो, कारण हेच आकडे तुम्हालाही सांगितले जातील. टीआर ९,५००. स्पेशल टेस्ट १२,०००. बॅज ६,५००. फॉर्म ५, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, २,०००. डॉक्टरचा फॉर्म १-ए १,५००. आठवी पासचा दाखला ३,०००. आणि ‘ट्रॅकवरचा खर्च’ ४,०००. एकूण ३८,५००. यात सरकारात जमा झाले ते २०० रुपये: शिकाऊ परवान्याचे १५० आणि त्याच्या चाचणीचे ५०. सगळं रीतसर केलं असतं तर पुढे वाहन चालवण्याच्या चाचणीचे ३०० आणि परवान्यावर नवा वर्ग चढवायचे ५०० लागले असते. स्मार्ट कार्ड, टपाल वेगळं. म्हणजे हजार-बाराशेचं काम.

आठवीच्या दाखल्याचा संताप अजून जात नाही. ट्रान्सपोर्ट परवान्यासाठीची आठवी पासची अट केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्येच काढून टाकली आहे. म्हणजे नसलेल्या अटीसाठी एजंटाने मला खोटा दाखला विकला. तो कागद अर्जाला कधी जोडलाच नाही. त्याची गरजच नव्हती.

लोक विचारतात, नऊ वर्षं गाडी चालवणारा माणूस फसला कसा? फसलो, कारण दुकान खरं वाटत होतं. आरटीओच्या फाटकापासून शंभर पावलांवर पाटी, आत संगणक, भिंतीवर फ्रेममध्ये फॉर्म ११, म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलची सरकारी मान्यता. तो कागद खराच होता. पण ही मान्यता ५ वर्षांची असते आणि त्याच्यावरची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. फ्रेममधल्या कागदावरची तारीख कोण वाचतं? मी वाचली नाही. तुम्ही खुर्चीवर बसायच्या आधी वाचा. मान्यतेवरचा पत्ता आणि दुकानाचा पत्ता एकच आहे का, तेही बघा. एप्रिल-मे महिन्यात शाळांना चालक हवे असतात, जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आणि हे लोक नेमकी तीच घाई हेरतात. मलाही शाळेने १० जूनपर्यंत कागद आणायला सांगितलं होतं.

आता तो क्षण. अर्ज भरताना सारथीच्या, म्हणजे परवान्यांच्या सरकारी वेबसाइटच्या, पानावर मोबाइल क्रमांक टाकायची जागा येते. तिथे एजंटाने स्वतःचा क्रमांक टाकला. मी समोर बसलो होतो, पडदा माझ्याकडेच वळवलेला होता. मी विचारलंही. तो म्हणाला, “दादा, रोज दहा मेसेज येतात, तुम्ही गाडीवर असता, ओटीपी चुकला की अर्ज बाद होतो.” मला ते पटलं. तिथेच उठून यायला हवं होतं. त्या एका रकान्यामुळे माझा अर्ज माझा राहिला नाही. चाचणीची तारीख, पैसे भरल्याचा निरोप, अर्ज कुठे अडलाय ते, सगळं त्याच्या फोनवर जाणार. ‘स्लॉट मिळाला’, ‘साहेबांनी सही केली’ असं तो सांगत गेला आणि खरं-खोटं तपासायचा एकही मार्ग मी माझ्या हातात ठेवला नव्हता. शिकाऊ परवाना १८ एप्रिलला खराखुरा निघाला, त्यामुळे माझी खात्री आणखी पक्की झाली. तो त्यांचा गळ असतो. पहिलं २०० रुपयांचं काम खरं करून देतात.

प्रशिक्षणाचंही तेच. नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहनाचं शिक्षण निदान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर निदान १५ तास. कोणी किती तास गाडी चालवली याची नोंद फॉर्म १५ मध्ये स्कूलने ठेवायची असते, ती मागा. ज्या प्रकारची गाडी शिकवतात ती स्कूलच्या मालकीची हवी आणि तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक हवा. मला चार वेळा बोलावलं, तेही भाड्याच्या टेम्पोवर. एकूण अडीच तासही भरले नसतील. फॉर्म ५ वर मात्र ३० दिवस लिहिलेले.

टेम्पोवर शिकून बसची परीक्षा देता येत नाही, आणि हे मला आधीच कळायला हवं होतं. टेम्पोत पुढची चाकं जवळपास तुमच्या पायाखाली असतात. मोठ्या बसमध्ये चालक पुढच्या धुऱ्याच्याही पुढे बसतो. म्हणून वळताना आपण कोपऱ्याच्या पुढे गेलो असं वाटेपर्यंत स्टिअरिंग फिरवायचं नाही, नाहीतर आतल्या बाजूचं मागचं चाक कोपरा कापतं. आणि मागच्या चाकांच्या मागे जो भाग लांब उरतो, तो वळताना उलट्या दिशेने बाहेर झुकतो. चाचणीच्या ट्रॅकवर उभे केलेले दांडे पडतात ते बहुतेक यामुळेच. चढावर थांबवून पुन्हा उचलताना हँडब्रेकवर गाडी धरायची, हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज जड झाला की मगच ब्रेक सोडायचा. गाडी मागे सरकली की गेलं. एअर ब्रेकच्या गाडीत हवेच्या दाबाचा काटा पुरेसा वर येईपर्यंत आणि हवा कमी असल्याचा बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायचीच नाही. रिव्हर्समध्ये खिडकीतून डोकं बाहेर काढायची सवय टेम्पोवाल्यांना असते. बसला डावी बाजू फक्त आरशातच दिसते, आणि मुलं चढतात-उतरतात ती डावीकडूनच. यातलं एक अक्षर मला शिकवलं नाही. पैसे गेले ते गेले, पण असा न शिकलेला माणूस चाळीस मुलं घेऊन रस्त्यावर गेला असता, याचा जास्त राग येतो.

मग ती ‘टेस्ट’. मे महिन्यातला रविवार, बंद गोदामामागचं मैदान, पांढऱ्या शर्टातला एक माणूस हातात पॅड घेऊन. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाला गणवेश असतो. चाचणी कार्यालयाच्या ठरलेल्या ट्रॅकवर, सारथीवर मिळालेल्या वेळेला होते आणि आधी शिकाऊ परवाना तपासला जातो. इथे कोणी काही मागितलं नाही. खुणेचे चार शंकू, एक आठचा आकडा, सात मिनिटं, आणि “पास”. त्या दिवशीच ४,००० रुपये घेतले.

५ जूनला कार्ड हातात आलं. क्रमांक माझ्याच जुन्या परवान्याचा, म्हणून शंका आली नाही. खाली ‘स्कूल बस’ असा वर्ग छापलेला आणि सोबत पितळी बिल्ला. शाळेतल्या वाहतूक पाहणाऱ्या मॅडमनी परवाना क्रमांक आणि जन्मतारीख सारथीवर टाकली. एका मिनिटात उत्तर आलं: दुचाकी आणि हलकं वाहन, बाकी काही नाही. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे घेऊन रस्त्यावर जाऊ नका.” त्या बरोबर होत्या. जे त्यांनी एका मिनिटात केलं ते मी दोन महिन्यांत एकदाही केलं नाही, याची लाज वाटते. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत वझीराबादला शाळेची बस यमुनेत कोसळली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसचालकाला अवजड वाहनाचा निदान ५ वर्षांचा अनुभव हवा असं सांगितलं. शाळा कागद तपासणारच. तिथे खोटं कार्ड टिकत नाही.

आता सरकारी दारं. आरटीओत गेलो. खिडकीवर सांगितलं, एजंट आमचा माणूस नाही, पोलिसांत जा. मी म्हटलं, फाटकाबाहेर मुदत संपलेली मान्यता लावून दुकान चालतं, ती मान्यता तुम्हीच दिलेली. उत्तर, लेखी द्या. लेखी दिलं, इनवर्डचा शिक्का घेतला. पोलिसांत गेलो तर ते म्हणाले, हा पैशाच्या देवघेवीचा वाद आहे, आधी आरटीओकडून कार्ड बनावट असल्याचं पत्र आणा. आरटीओ म्हणालं, पोलिसांनी मागितलं तरच पत्र देऊ. या दोघांच्या मध्ये मी सात हेलपाटे घातले. सातव्या वेळी ठाण्यातला एक जण म्हणाला, “पैसे देऊन लायसन घेतलंस ना? मग तूच पहिला आरोपी.” बनावट कार्ड मी घेऊन आलो, छापणारा शंभर पावलांवर बसलाय, आणि आरोपी मी! या एका वाक्याने किती माणसं घरी परतत असतील?

सगळ्यात मोठं नुकसान तर यापुढचं. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर चाचणी देता येते. जूनमध्ये माझा शिकाऊ परवाना जिवंत होता. मला फक्त अर्जावरचा मोबाइल क्रमांक बदलून हवा होता. कार्यालयात म्हणाले ऑनलाइन करा, ऑनलाइन करायला गेलं की जुन्या क्रमांकावरच्या ओटीपीपाशी गाडं अडायचं. चार अर्ज दिले, चारही ‘वरिष्ठांकडे’. १७ ऑक्टोबरला शिकाऊ परवाना संपला. एजंटाने पैसे खाल्ले, पण माझे चार महिने या कार्यालयाने खाल्ले, आणि त्याचा जाब कोणी देत नाही.

जे उशिरा कळलं ते असं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे. पोच जपून ठेवा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, जुनं ४२० नाही. ‘चारशेवीस’ लिहून दिलं तर अर्ज परत देतात. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. माझे १८,५०० यूपीआयने आणि २०,००० रोख गेले, आणि मी फोन केला २ महिन्यांनी. रोख देऊच नका. दिलीत तर पावतीवर कामाचं नाव स्पष्ट लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं ‘सर्व्हिस’ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. मी तिथे अर्ज केलाय. आरटीओने माझ्या तक्रारीवर काय केलं हे विचारायला १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकलाय.

छोटी व्हॅन चालवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांना विनाकारण लुटतात. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेलं वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं, ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे कायम केलं. वजन गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, असतं, आधी ते बघा.

टीआर खरंच हवं असेल तर हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना आणि वय २० पूर्ण हवं. चाचणीत नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. ‘नापास झालात तर कायमचं बाद’ हे सांगून पैसे काढतात, ते खोटं आहे.

आणि ज्यांनी यंदा कुणाकडे पैसे भरलेत त्यांनी आजच अर्ज क्रमांक मागून घ्या. तो आणि जन्मतारीख टाकून सारथीवर स्थिती स्वतः बघा. नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे आकडे तुमचे नसतील तर उरलेला एक रुपयाही देऊ नका, आणि शिकाऊ परवान्याची तारीख संपायच्या आत क्रमांक बदलायच्या मागे लागा.