आजीचं बायबल बाइंड करून घेतलं (खजुरी बाजार, इंदूर) - 4 स्टार

आजीचं पवित्र शास्त्र पार सुटं झालं होतं, पाठ निघालेली, स्तोत्रसंहितेची पानं गळून पडायची. आधी एका नव्या चकचकीत दुकानात नेलं तर तिथल्या माणसाने आत बघितलंसुद्धा नाही, डायरेक्ट कॅटलॉग पुढे केला, झिपवालं कव्हर, सोनेरी कडा, वर नाव एम्बॉस, आणि कडा एकसारख्या दिसायला हव्यात म्हणून मशीनवर कापू म्हणाला. म्हणजे मार्जिनमधलं आजीचं पेन्सिलीचं लिखाण गेलंच की! उचललं आणि निघालो.

खजुरी बाजारात पुस्तकांच्या दुकानांमागे एक म्हातारे चाचा बसतात, बोर्ड वगैरे काही नाही. त्यांनी दहा मिनिटं नुसती पानं उलटली. मग जुना पिवळा सेलोटेप हळूहळू सोडवला, एकेक फॉर्मा (घडी घातलेल्या पानांचा जुडगा) परत दोऱ्याने शिवला, मैद्याची खळ लावली, त्यात मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. वरून साधं काळं रेक्झिन. कापाकापी शून्य. 650 रुपये. आठवडा सांगून बारा दिवस लावले, एक स्टार त्याचा कापला.

आता टेबलावर ठेवलं की सपाट उघडं राहतं. घरी आणून उघडलं तर नेमका याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, सोन्याची अंगठीवाल्याला चांगल्या जागी बसवता आणि मळक्या कपड्यातल्याला उभं ठेवता, ते. खाली आजीची रेघ, दोनदा ओढलेली. मला एकदम कसंतरी झालं, कारण ईस्टरला चर्चच्या दारावर मीच होतो, वर्शिप टीमचं, म्हणजे गाणाऱ्या पोरांचं, शूटिंग चालू होतं आणि पुढच्या बाकावरच्या एका मावशींना मी मागे बसवलं, साडी अगदी साधी होती आणि त्या फ्रेममध्ये येत होत्या म्हणून. काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली, त्यात त्यांचं शास्त्र होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

आजी नगरची. मराठी कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांनी नंतर लिहिलेली ख्रिस्ताची भजनं तिला तोंडपाठ, पहाटे चटईवर बसून टाळ वाजवत म्हणायची, बघायला कोणी नसायचं. आमच्याकडे आता रंगीत लाइट, स्क्रीनवर वचन. लाइटचा मला राग नाही, गाणारी बरीच पोरं मनापासून गातात, पण कपडे बघून बाक ठरवायचा आणि वर तिथेच बसून प्रभूचं नाव घ्यायचं, हे मी केलंय आणि ते चूक आहे.

तुमच्याकडे असं जुनं शास्त्र किंवा गीतांचं पुस्तक पडलं असेल तर चाचांकडे न्या, आधी शिलाई बघायला सांगा, कव्हरचं नंतर.

मागच्या रविवारी मी त्या मावशींच्या शेजारी जाऊन बसलो, सलाम केला, माफी मागितली. त्यांच्या शास्त्राचीही पाठ सुटत आलीये. परवा देऊन आलोय, परत बारा दिवस धरून चाललोय.