संशयित आणि दोषी : बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसमोरचा पेच

न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथे असलेल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंचे फलक लावणाऱ्या सन्मान-संग्रहालयात, उत्तेजकांचा संशय असलेल्या खेळाडूंना स्थान द्यावे की नाही, याबद्दल ज्याला मत बनवायचे आहे, त्याने आधी या खेळाडूंची एकत्र बांधलेली मोळी सोडवून पाहावी. तिच्यात चाचणीत सापडून शिक्षा भोगलेले, साक्षीपुराव्यांत नाव आलेले आणि नुसत्या कुजबुजीचे धनी झालेले, असे तीन निराळे गट आहेत. निवडीचा नियम मात्र सर्वांना एकच आहे. बेसबॉल लेखक संघटनेच्या ज्येष्ठ सदस्यांपैकी 75 टक्क्यांची मते मिळाली पाहिजेत, आणि मत देताना कामगिरीबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती व चारित्र्य यांचाही विचार व्हावा, अशी अपेक्षा आहे.

तिसऱ्या गटाबद्दल फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. जेफ बॅगवेल या खेळाडूचे नाव बेसबॉलमधील उत्तेजकांच्या चौकशीवरील मिशेल अहवालात नव्हते आणि त्याच्यावर कधी निलंबनाची कारवाईही झाली नव्हती; तरीही पिळदार शरीर आणि 449 होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) एवढ्याच भांडवलावर संशय पसरला आणि 2017 मध्ये सातव्या प्रयत्नात त्याची निवड झाली. अशा संशयाला मतपत्रिकेवर जागा नसावी.

खरी तुलना पहिल्या दोन गटांची आहे. एका बाजूला अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, मॅनी रमिरेझ आणि राफेल पाल्मेरो. पाल्मेरोने मार्च 2005 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बोट रोखून आपण स्टेरॉइड कधीच घेतले नसल्याचे सांगितले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चाचणीत दोषी ठरून तो दहा दिवसांसाठी निलंबित झाला. 3,020 हिट्स नावावर असूनही 2014 मध्ये पाच टक्क्यांपेक्षा कमी मते मिळाल्याने तो उमेदवारांच्या यादीतून बाहेर पडला. रॉड्रिगेझने 2009 मध्ये जुन्या सेवनाची कबुली दिली आणि पुढे 2014 चा संपूर्ण हंगाम त्याला बंदीत काढावा लागला. नियम स्पष्ट होता, शिक्षा ठरलेली होती, आणि तरीही तो मोडला गेला.

दुसऱ्या बाजूला बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स. बाँड्सचे 762 होमरन हा आजही विक्रम आहे आणि क्लेमेन्सने सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) साय यंग पुरस्कार सात वेळा जिंकला आहे. लीगच्या प्रमुखांनी, म्हणजे कमिशनरांनी, 1991 मध्येच एका परिपत्रकाने स्टेरॉइडना मनाई केली होती; पण चाचणीच नसल्यामुळे ती मनाई कागदावरच राहिली. निनावी चाचण्या 2003 मध्ये झाल्या आणि पहिल्याच दोषाला निलंबन ही तरतूद तर 2005 मध्ये आली. स्टेरॉइडसाठी या दोघांपैकी कोणालाही लीगने निलंबित केले नाही. बाँड्सने ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) सांगितले की, ट्रेनरने दिलेले पदार्थ आपण जवसाचे तेल आणि सांधेदुखीचे मलम समजून वापरले. (यावर विश्वास ठेवायला मन बरेच मोठे करावे लागते.) न्यायात अडथळा आणल्याबद्दल 2011 मध्ये तो दोषी ठरला, पण 2015 मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला, तर क्लेमेन्स 2012 मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपातून निर्दोष सुटला. म्हणजे या दोघांनी उत्तेजके घेतली असावीत असे मानायला भरपूर जागा आहे, पण लीगने त्यासाठी त्यांना दोषी ठरवल्याची नोंद नाही.

मतदारांनी 2022 मध्ये बाँड्सला 66 आणि क्लेमेन्सला 65.2 टक्के मते देऊन थांबवले, तर त्याच मतदानात डेव्हिड ऑर्टिझ 77.9 टक्क्यांनी पहिल्याच वर्षी आत गेला. ऑर्टिझचे नाव 2003 च्या त्या निनावी चाचण्यांच्या यादीत असल्याची बातमी 2009 मध्ये आली होती. त्या यादीतील काही निष्कर्षांविषयी शास्त्रीय शंका असल्याचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी 2016 मध्ये सांगितले आणि ऑर्टिझला संशयाचा फायदा मिळाला, तो योग्यच. परंतु हा फायदा हसतमुख खेळाडूला मिळावा आणि तुसड्या बाँड्सला मिळू नये, हे मात्र पटत नाही. त्याहून खटकते ते हे की, ज्यांच्या कारकिर्दीत हे सारे वाढले, ते कमिशनर बड सेलिग 2017 मध्ये सन्मानाने आत बसले. चेंडूला चिकट पदार्थ फासण्यासाठी ख्यातनाम असलेला पिचर गेलॉर्ड पेरी 1991 पासून आत आहेच.

म्हणून माझे मत असे : शिक्षेची तरतूद लागू झाल्यानंतर पकडले गेलेल्यांना नकार द्यावा, आणि त्याआधीच्या संशयितांना कामगिरीवर निवडून त्यांच्या फलकावर चौकशीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत कोरावा. होमरनसाठी गाजलेल्या मार्क मॅक्ग्वायरने 2010 मध्ये स्वतःच कबुली दिली, पण त्याने केलेले सेवन शिक्षेच्या तरतुदीपूर्वीचे असल्याने तोही याच बाजूला येतो. यावर आक्षेप असा की, त्या काळात ज्यांनी काहीच घेतले नाही अशा खेळाडूंचे नुकसान कोणी भरून द्यायचे. हा आक्षेप वजनदार आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. पण बाँड्सला बाहेर ठेवल्यानेही ते नुकसान भरून निघत नाही. बाँड्सने ज्यावर 756 वा होमरन मारून जुना विक्रम मोडला, तो चेंडू एका खरेदीदाराने घेतला, लोकांचा कौल घेऊन त्यावर विक्रमाबद्दलची शंका दाखवणारी तारांकित खूण (*) कोरली आणि कूपरस्टाउनला दिला. तो संग्रहालयाने स्वीकारला. लेखकांच्या मतदानाच्या यादीत राहण्याची बाँड्स आणि क्लेमेन्स यांची मुदत संपल्यामुळे आता निर्णय 16 जणांच्या समितीकडे आहे, आणि डिसेंबर 2022 मध्ये त्या समितीत दोघांनाही चारपेक्षा कमी मते मिळाली होती.