घरातली जुनी गाडी पुन्हा उभी करताना: भंगारातला पार्ट, नवा पार्ट की आपलाच दुरुस्त केलेला?

घरातली जुनी गाडी पुन्हा चालती करायची ठरली की पहिला वाद पार्टांवरून होतो. एकजण म्हणतो, सगळं नवीन टाका, कटकट नको. दुसरा म्हणतो, नव्या मालात दम नाही, भंगारात उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे ओरिजिनल पार्ट काढून आणा. मेकॅनिक तिसरंच सांगतो: आहे तेच खोलून दुरुस्त करू. तिघांचंही बरोबर असतं, पण वेगवेगळ्या पार्टांबद्दल. म्हणून हा निर्णय अख्ख्या गाडीसाठी एकदाच घेऊ नका, पार्टागणिक घ्या.

त्यासाठी दोनच गोष्टी तपासायच्या. त्या पार्टाची झीज डोळ्यांना दिसते का, किंवा मापात पकडता येते का? आणि चालत्या गाडीत तो निकामी झाला तर काय होईल? झीज दिसत असेल आणि बिघडल्यावर फार तर गाडी बंद पडणार असेल, तर भंगारातला पार्ट बिनधास्त घ्या. झीज आत दडलेली असेल आणि बिघडल्यावर जिवावर बेतणार असेल, तर फुकट मिळाला तरी नको.

आधी आपलाच

दुरुस्त होण्यासारखा असेल तर हातातला पार्टच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. याचं कारण निव्वळ भावनेचं नाही. गाडीतले बरेच पार्ट जोडीनं जगतात. कॅमशाफ्टचा लोब (उंचवटा) आणि त्यानं ढकलला जाणारा टॅपेट एकमेकांवर घासून एकमेकांपुरते बसलेले असतात. डिफरेन्शियलचे, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतले, क्राउन आणि पिनियन हे गिअर कारखान्यातच जोडीनं लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकवर आवळून बोअर केलेल्या असतात. यातला एक भंगारातून आणला आणि दुसरा आपला ठेवला, तर डिफरेन्शियल घुमायला लागतं आणि कॅम खाल्ला जातो. असे पार्ट आणायचेच असतील तर जोडी किंवा सेट आणा, आणि खोलतानाच कुठला कुठे होता याच्या खुणा करून ठेवा.

भावनेचा भाग आहे तोही सांगतो. स्टिअरिंगवर वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेली जागा, गिअरच्या गोळ्यावरचे पुसट आकडे, ड्रायव्हरच्या सीटचा एका बाजूला बसलेला फोम. सीटमध्ये फोम नवा भरा, वरचं कापड शक्य तर तेच ठेवा. स्टिअरिंगला तडे गेले असतील तर ते एपॉक्सीनं भरून घासता येतात. दुसऱ्या गाडीचं चकाकतं स्टिअरिंग आणून बसवलं तर गाडी सुंदर दिसेल, पण ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते कारणच आपण उतरवून ठेवलेलं असेल.

पत्रा: इथे भंगार जिंकतं, पण एका अटीवर

बाहेरून बोल्टवर बसणाऱ्या पत्र्यात, म्हणजे बॉनेट, डिकी, दरवाजे, मडगार्ड यांत, भंगारातला पार्ट नव्यापेक्षा सरस ठरतो. तो कारखान्याच्या त्याच डायवर (साच्यावर) दाबलेला असतो, त्यामुळे कडा जुळतात आणि फटी सारख्या येतात. बाजारात मिळणारं नवं पॅनल पुष्कळदा एखाद्या जुन्या पॅनलवरून माप घेऊन बनवलेलं असतं. पत्रा पातळ, वळणं बोथट, बोल्टची भोकं थोडी इकडेतिकडे. ते बसवण्यात डेंटरचे जितके तास जातात, तितक्यात भंगारातला ठोकलेला दरवाजा सरळ होऊन निघतो.

याला अपवाद आहेत. एमजीबी या गाडीची अख्खी बॉडी १९८८पासून मूळ डाय वापरून पुन्हा बनू लागली. फोक्सवॅगन बीटल १९३८ ते २००३ या काळात दोन कोटींहून अधिक बनल्या, मिनी १९५९ ते २००० या काळात पन्नास लाखांहून अधिक. अशा गाड्यांना नव्या पार्टांची बाजारपेठ आहे आणि तिथे निवडायला वाव आहे. पण घरातली गाडी जर साधी चार दरवाज्यांची, आता कुणाच्या फारशी लक्षात नसलेली असेल, तर नवं पॅनल मुळात बनतच नाही. मग प्रश्न उरतो तो कुठल्या भंगार गाडीतून काढायचं एवढाच.

आणि तिथेच खरी अडचण आहे. एका मॉडेलच्या सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी सडतात. पाणी साचण्याची जागा डिझाइनमध्येच ठरलेली असते. तुमच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा गेला असेल, तर भंगारातल्या दहा गाड्यांपैकी बहुतेकींचा तोच कोपरा गेलेला असतो. छत, डिकीचं झाकण, मागचे दरवाजे हवे तेवढे मिळतात, पण ते आपल्याला लागत नसतात. म्हणून कोरड्या हवेतली गाडी शोधणं, लांब जावं लागलं तरी, फायद्याचं पडतं. उन्हानं तिचा रंग उडालेला असेल, डॅशबोर्ड तडकलेला असेल, पण पत्रा शाबूत असतो.

दरवाजा घेताना तो काढून उलटा धरा. खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात. ती मातीनं बुजलेली असतील तर आत वर्षानुवर्षं ओल राहिली आहे. जिथे बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो, त्या शिवणीवरून बोट फिरवा. रंग फुगून कड जाड लागत असेल तर दुमडीच्या आत गंज आहे आणि तो वर येणारच. मग फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक खालच्या हातभर भागावर फिरवत न्या. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे रंगाखाली पुट्टी आहे. पातळ थराचं काही नाही, पण चुंबक चिकटतच नसेल तर तिथे पत्रा उरलेला नाही असं समजा. बिजागऱ्या दरवाज्यासोबतच मागून घ्या. आपल्या झिजलेल्या बिजागऱ्यांवर सरळ दरवाजासुद्धा लोंबतो.

दरवाज्याखालचे सिल, चासीचे मेंबर, सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग यांची गोष्ट वेगळी. गाडीची ताकद यांच्यात असते आणि त्यांचा गंज आतून बाहेर येतो. ते भंगारातून कापून आणून जोडण्यापेक्षा नव्या, योग्य जाडीच्या पत्र्याचे बनवून घ्या. कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून बॉडी धरून ठेवायला सांगा. नाहीतर सिल निघताच गाडी मधोमध खचते आणि मग कुठलाच दरवाजा लागत नाही.

इंजिन: माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका

‘एकाच कंपनीचं इंजिन आहे, बसेल’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ए-सीरीज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये आलं आणि शेवटच्या मिनीपर्यंत टिकलं. त्याच घराण्यातल्या ९९८ आणि १०९८ सीसी इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच आहे, ६४.५८ मि.मी. नुसता पिस्टनचा व्यास मोजणारा इथे हमखास फसतो, कारण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली होणारी चाल, एकाचा ७६.२ मि.मी. आणि दुसऱ्याचा ८३.७२ मि.मी. आहे. क्रँक वेगळा, पिस्टनची उंचीही वेगळी. तुमच्या गाडीचं इंजिन कुठल्याही घराण्यातलं असो, ब्लॉकवरचा नंबर आणि ओतकामावरचा नंबर आपल्या इंजिनाशी ताडून पाहा, मगच बोलणी करा.

ब्लॉक, हेड, क्रँक, मॅनिफोल्ड, सम्प अशी मोठी ओतकामं भंगारातून घेणं शहाणपणाचं आहे, कारण त्यांची तपासणी करता येते. हेडच्या तोंडावर सरळ पट्टी तिरपी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. लहान इंजिनांत साधारण ०.०५ मि.मी.पर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर फेस करावं, म्हणजे घासून सपाट करून घ्यावं लागेल, आणि आधी किती वेळा फेस झालंय हे हेडची जाडी मोजून कळतं. दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधली जागा भिंगातून पाहा, तडा जातो तो तिथेच. लेथवाल्याकडे तडे दाखवणारा रंग टाकून तपासून घेता आलं तर उत्तमच.

एका बाबतीत भंगारातलं हेड आपल्या हेडपेक्षा चांगलं ठरू शकतं. जुनी इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर चालायची. त्या शिशाचा थर व्हॉल्व्ह सीटचं रक्षण करायचा, म्हणून कित्येक हेडांत सीट साध्या ओतीव लोखंडातच कापलेल्या असत. गाड्यांसाठीचं असं पेट्रोल २०२१मध्ये अल्जीरियात थांबलं आणि मग जगात कुठेच मिळेनासं झालं. बिनशिशाच्या पेट्रोलवर या मऊ सीट, विशेषतः एक्झॉस्टच्या, हळूहळू खचतात आणि टॅपेटचा गॅप मिटत जातो. कुणी आधीच कडक सीट बसवून घेतलेलं हेड भंगारात सापडलं तर ते उचला. नाही सापडलं तर आपल्याच हेडात बसवून घ्या.

पिस्टन रिंगा, बेअरिंग शेल, गास्केट, ऑइल सील, टायमिंग चेन किंवा बेल्ट, वॉटर पंपाचं सील: हे नवीनच. यावर चर्चा नको.

कार्ब्युरेटर मात्र भंगारातला जरूर पाहा. फक्त थ्रॉटलची दांडी धरून हलवा. ती आपल्या भोकात खेळत असेल तर तिथून हवा आत जाते आणि आयडलिंग कधीच बसत नाही. आतली घाण साफ होते, झिजलेली बॉडी मात्र बुश मारल्याशिवाय सुधारत नाही.

ब्रेक, स्टिअरिंग, पट्टे

इथे तुलना थोडक्यात आटपते. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज पाइप, शू, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकअब्सॉर्बर भंगारातून घेऊ नका. मूळ सिलिंडर कुठेच नवीन मिळत नसेल तर जुन्याच्या बॉडीत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून आत नवं रबर घाला. सीटबेल्ट आणि नंतरच्या काळातल्या गाड्यांच्या एअरबॅगाही नकोत. अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा वरून धडधाकटच दिसतो.

भंगारातून घेण्यासारखे आहेत ते ड्रम आणि डिस्क, कारण त्यांची मर्यादा पुष्कळदा त्यांच्यावरच ओतलेली किंवा ठोकलेली असते. ड्रमचा कमाल व्यास वाचा, आतून मोजा, जास्त भरला तर परत द्या. जुने ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

काच आणि क्रोम

बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड असतात. एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, कापायला जाल तर तिचा चुरा होतो. म्हणजे वळणदार मागची काच फुटली असेल आणि ती कुणी नव्यानं बनवत नसेल, तर भंगार हाच एक रस्ता. समोरची लॅमिनेटेड असेल तर कडेला दुधाळ डाग आहेत का पाहा. तिथे दोन काचांमधला थर सुटायला लागलेला असतो आणि तो पसरत जातो. सपाट लॅमिनेटेड काच मात्र नवीन कापून मिळते, ती जुनी घेण्यात अर्थ नाही.

क्रोमच्या बाबतीत लोक उलटं करतात. चकाकणारा पण वाकडा बंपर उचलतात आणि गंजलेला सरळ सोडून देतात. बंपर पोलादाचा असतो, तो घासून पुन्हा तांबं, निकेल, क्रोम चढवता येतं. तेव्हा आकार बघा, चमक सोडा. हँडल, नावाची अक्षरं, दिव्यांच्या चौकटी या मात्र बहुधा झिंकच्या ओतकामाच्या असतात. त्यांना फोड येऊन खड्डे पडले की पुन्हा क्रोम करणं फार जिकिरीचं होतं. इथे भंगारातला सर्वांत चांगला तुकडा मिळेपर्यंत थांबा.

वायरिंग, रबर आणि ‘न वापरलेला जुना माल’

जुनं वायरिंग नको. आतलं तांबं काळं पडतं, वरचं आवरण कडक होऊन तुटतं, आणि गाडीला आग लागते ती अशाच जागी. भंगारातून फक्त कनेक्टर घ्या, तेही मागे वीतभर वायर ठेवून कापलेले, म्हणजे नव्या वायरिंगला नीट जोडता येतात. स्विच, मीटर, डायनॅमोची बॉडी, डिस्ट्रिब्युटरची बॉडी घ्यायला हरकत नाही.

दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला, डब्यातला ओरिजिनल पार्ट मोहात पाडतो. धातूचा असेल तर सोनं समजा. रबराचा असेल तर डबा न फुटलेला असला तरी आतलं रबर म्हातारंच झालेलं असतं. पेट्रोलचे जुने पाइप तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला मुळीच टिकत नाहीत. टायरही तसेच. बाजूवर चार अंकी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तीन अंकी असेल तर टायर २०००च्या आधीचा आहे, नक्षी नवीकोरी दिसली तरी गाडीला लावू नका.

सुटे पार्ट की अख्खी भंगार गाडी?

यादी पाच-सहा पार्टांची असेल तर सुटे घ्या. त्याहून मोठी असेल आणि जागा असेल तर अख्खी गाडी घ्या, असं मी सांगेन. मोठे पार्ट शोधून मिळतात. काम अडतं ते क्लिपा, ब्रॅकेट, खास आट्यांचे बोल्ट, काचेच्या खोबणीतली पट्टी, पेडलची स्प्रिंग यांच्यावाचून. हे कुणी सुटं विकत नाही. शिवाय कुठली वायर कुठून जात होती, कुठला वायसर कुठे होता, हे पाहायला समोर दुसरी गाडी असली की कामाचा वेग बदलतो. ती गाडी तुमच्या गाडीला पूरक हवी. तुमचा पुढचा भाग खराब असेल तर मागून ठोकलेली शोधा. पुरात बुडालेली मात्र टाळा, तिच्या प्रत्येक पोकळीत चिखल असतो.

कागद नीट पाहा. गाडी कुणाची होती, ती रीतसर भंगारात निघाली आहे का, हे लेखी मिळालं पाहिजे, आणि सुट्या इंजिनाचीही पावती हवी. त्या गाडीचा चासी नंबर आपल्या गाडीवर कधीही चढवू नका. तो गुन्हा आहे, आणि पुढे मुलांच्या नावावर गाडी करायची वेळ आली की त्यांच्यासमोर तोच उभा राहतो.

आणि तिचा सांगाडा भंगारवाल्याला परत देण्याची घाई करू नका. आपली गाडी रस्त्यावर येऊन एक पावसाळा जाऊ द्या. कुठून पाणी येतं, कुठला स्विच दगा देतो, हे तेव्हाच कळतं, आणि त्यासाठी लागणारा तुकडा बहुतेक वेळा त्या सांगाड्यावरच लटकत असतो.