स्टोरीवीव्हर वापरून बघितलं, धारणीच्या दोनशिक्षकी शाळेतून रिव्ह्यू

स्टोरीवीव्हर म्हणजे मुलांच्या चित्रगोष्टींची वेबसाइट. आधी वाघाचा किस्सा सांगतो, मग रिव्ह्यू. मी अकोल्याचा, बदली होऊन मेळघाटात आलो, पहिल्याच आठवड्यात पहिलीच्या पोरांना वाघाचं चित्र दाखवलं, विचारलं हे काय, तर सगळे पोट्टे एका सुरात "कुला!" मी हादरलोच ना, एवढुशी लेकरं आणि मास्तरसमोर असं बोलतात, दोघांना उभंच केलं. दुपारी खिचडी शिजवणाऱ्या काकू पदर तोंडाला लावून हसत म्हणे, सर, आमच्या कोरकूत वाघाला कुलाच म्हणतात. कुत्र्याला सिता, पाण्याला डा. बरोबर उत्तर दिलं म्हणून उभं केलं होतं मी त्यांना. अजून आठवलं की कसंतरीच होतं.

कोरकू मराठीची कुणीच लागत नाही बरं का, ती मुंडा भाषांपैकी, संथाळीच्या गोतातली. म्हणजे सहा वर्षांचं लेकरू शाळेत येतं तेव्हा आपण एकदम तामीळ शाळेत जाऊन बसावं तसं त्याचं होतं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की शिक्षणाचं माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावं. त्या 'शक्यतोवर'मध्ये आमचा अख्खा तालुका मावतो.

तर स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची वेबसाइट, २०१५ पासून चालू आहे, सगळं फुकट. मराठीत भरपूर आहेत, आणि एकूण तीनशेच्या वर भाषा. पण फुकट गोष्टी नेटवर ढिगाने पडल्यात, त्याचं कौतुक नाही. खरी गोम लायसन्समध्ये आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय लायसन्स, म्हणजे डाऊनलोड करा, छापा, वाटा, भाषांतर करा, बदल करा, फक्त लेखक चित्रकाराचं नाव आणि लायसन्सचा उल्लेख ठेवा आणि काय बदललं ते सांगा. हे मला आधी खरंच वाटेना, कारण आमच्याकडे एका कंपनीने सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) दिलेले टॅब होते, त्यात फक्त त्यांचंच ॲप चालायचं, एक अक्षर इकडचं तिकडे करता येत नव्हतं, आणि सगळी पोरं एकाच वेळी एकाच धड्यावर पाहिजेत नाहीतर पुढे जायचंच नाही. ते टॅब सध्या कपाटात आहेत, चार्जर उंदरांनी खाल्ले.

आम्ही काय करतो ते सांगतो. पीडीएफ मोबाईलवर उतरवून घ्यायची (गावात रेंज नाही, धारणीला गेलो की एकदम दहाबारा घेऊन येतो), प्रिंट काढायची, सुईदोऱ्याने शिवायची. मग चौथीच्या दोन मुली आणि मी बसतो, मी मराठी वाक्य वाचतो, त्या कोरकूत सांगतात, मी देवनागरीत पट्टीवर लिहितो आणि मराठी ओळीच्या खाली डिंकाने चिकटवतो. शेवटच्या पानावर कोरकू कुणी केलं ते पण लिहायचं. यात भांडणं भरपूर. एकीच्या घरी एक शब्द, दुसरीच्या आईच्या माहेरी वेगळा, मग पोषण आहाराच्या काकूंना पंच करायचं. एका गोष्टीत लिफ्ट आली, लिफ्ट कुणी बघितलेली नाही, मी हातवारे करून सांगितलं तर एक पोरगं म्हणालं जत्रेतल्या पाळण्यासारखं का? झालं, पट्टीवर जत्रेचा पाळणा. चुकीचं असेल, पण पहिलीच्या पोरांनी ते पान तीनदा वाचून घेतलं.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे लेव्हल. चार लेव्हल आहेत, पहिल्या लेव्हलला सोपी, पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं, शब्द २५० च्या आत, आणि चौथ्या लेव्हलला दीड हजार शब्दांच्या वरच्या गोष्टी. माझ्यासमोर पहिली दुसरी एकाच खोलीत बसते आणि दुपारी चौथी पण असते, तिथे एकच पुस्तक सगळ्यांना म्हणजे अर्धे कंटाळणार अर्धे घाबरणार. आता ज्याला जे झेपेल ते तो घेतो. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत साहेब विद्यार्थीकेंद्रित अध्यापनाची पीपीटी दाखवतात, आम्ही चार तास रांगेत बसून मुकाट ऐकतो, असो.

पण इथेच एक घोळ आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर लेव्हल छापलेली असते, नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांसाठी वगैरे. आता चौथीतला एक मुलगा, चांगला उंच, घरच्यांबरोबर दरवर्षी दिवाळीनंतर कामाला बाहेर जातो त्यामुळे वाचन मागे राहिलं, त्याच्या हातात ते पुस्तक गेलं की शेजारचा मागचं पान उलटून दाखवणार. पुस्तक दप्तरात कोंबून बसला तो, दोन दिवस काढलंच नाही. तेव्हापासून मी मागचं कव्हर छापतच नाही. श्रेयनामावलीची पानं मात्र ठेवतो, ती काढू नका. साइटवाल्यांनी बिनालेव्हलची प्रिंट असा पर्याय दिला तर मजा येईल.

बाकी कुरकुर. गोष्टी कुणीही टाकू शकतं, त्यामुळे दर्जा वरखाली, आधी स्वतः वाचल्याशिवाय वर्गात नेऊ नका. काही अनुवादांचं मराठी असं छापील की अकोल्याच्या माणसालाच जड जातं, कोरकू पोराचं काय घेऊन बसलात. आणि फुकट फुकट म्हणतात पण कलर प्रिंट फुकट नाही. इथे दहा रुपये पान, सोळा पानांची गोष्ट म्हणजे दीडशेच्या वर गेली, ते कुणाच्या खिशातून? ब्लॅक अँड व्हाइट काढून बघितलं, चित्रं काळीठिक्कर येतात, वाघ आहे का म्हैस कळत नाही. शेवटी एका पानावर दोन पानं बसवून छोटी पुस्तकं काढतो, अर्ध्यात भागतं.

पाचपैकी साडेचार देतो. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर, वायफाय, प्रिंटर आहे त्यांनी डोळे झाकून वापरावं, त्यांना पाच. माझ्यासारख्यांनी महिन्याला तीनचार पुस्तकांचंच टार्गेट ठेवा, जास्त हाव धरली की होत नाही. आणि एक, टिकावं म्हणून लॅमिनेशन करायला जाऊ नका, मी पहिली पाच पुस्तकं करून बसलो, त्यावर पट्टी चिकटतच नाही आणि चिकटली तर वाचता वाचता पोरं नखाने सोलून काढतात.