चांगदेवच्या काठावरची जलपर्णी : श्रमदानाचे दोन रविवार

चांगदेव गावी, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठावर जलपर्णी आणि बेशरम ही बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी झाडे काढण्यासाठी एका स्थानिक पक्षिमित्र गटाने ठेवलेल्या श्रमदानात मी या फेब्रुवारीत दोन रविवार गेलो. नोंदणी विनाशुल्क होती, भुसावळहून नेण्या-आणण्याची सोय होती आणि काम सकाळी सातलाच सुरू होत होते, जे योग्यच होते. आपल्याकडचे ऊन अकरानंतर फेब्रुवारीतही कोणाची गय करत नाही.

पहिल्या रविवारी गटप्रमुखांनी पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास वनस्पतींची ओळख करून दिली आणि माझ्या मते या उपक्रमाची खरी किंमत त्या अर्ध्या तासात आहे. त्यांनी जलपर्णीचा फुगीर देठ विळ्याने आडवा कापून आतली स्पंजासारखी पोकळी दाखवली. ही मूळची दक्षिण अमेरिकेची वनस्पती पाण्यावर कशी तरंगते, हे त्यावरून लगेच कळले. उपटलेले झाड काठावर फेकण्याआधी त्याच्या काळ्या, केसाळ मुळ्या पाण्यातच झटकायच्या, कारण त्यांत गोगलगायी, बारीक झिंगे आणि माशांची पिल्ले अडकलेली असतात, हेही त्यांनी करवून घेतले. बेशरमाची कापलेली काडी ओल्या मातीत पडली तर पुन्हा रुजते, म्हणून तिचा एकही तुकडा मागे ठेवू दिला नाही. नाव काही उगीच पडलेले नाही.

दुसऱ्या रविवारी माणसे जवळजवळ दुप्पट आली आणि ही ओळख मात्र पाच मिनिटांत उरकण्यात आली. परिणामी काही उत्साही मुलांनी पाणकणसाचे, म्हणजे काठावरच्या उंच, गवतासारख्या पाणवनस्पतीचे, एक अख्खे बेटच उपटून काढले. पाणकणीस इथलेच आहे आणि जांभळी पाणकोंबडी त्याच्या आडोशाला घरटे बांधते. उलट, जलपर्णीवरून कमळपक्षी सहज चालताना दिसतो, तेव्हा दिसण्यावरून ठरवायला गेले तर नवख्याची फसगत होणारच.

माझी मोठी तक्रार ढिगाऱ्यांविषयी आहे. जलपर्णीच्या ओल्या वजनात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे ती निथळण्यासाठी काठावर ठेवणे समजण्यासारखे आहे. परंतु पहिल्या रविवारचा ढीग दुसऱ्या रविवारीही पाण्यापासून दहा पावलांवर तसाच पडलेला होता आणि त्याच्या खालच्या थरातली झाडे हिरवीगार होती. पावसाळ्यात पाणी चढले की ती परत तरंगायला लागतील. ट्रॅक्टर ठरवला होता, पण आला नाही, एवढेच उत्तर मिळाले. बियाही गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतात, म्हणजे त्याच जागी पुन्हा यावे लागणारच आहे. निदान उपसलेली झाडे तरी दुसऱ्यांदा उपसावी लागू नयेत.

न्याहारीची कळण्याची भाकरी आणि ठेचा उत्तम होता. गमबूट मात्र एकाच मापाचे होते आणि माझा उजवा बूट चिखलातच राहिला. मार्चच्या फेरीसाठी मी नाव दिले आहे, बूट घरचे नेणार आहे आणि ट्रॅक्टरवाल्याचा फोन क्रमांक आधीच मागून घेतला आहे.