पुण्यात टॅटूच्या नावाखाली "इम्पोर्टेड हीलिंग बाम" विकतायत, घेऊ नका

गणपतीच्या आधी टॅटू काढणाऱ्यांनी तर नक्की वाचा, आमच्या ढोल पथकातली निम्मी पोरं त्याच सीझनला काढतात आणि स्टुडिओवाल्यांना ते पक्कं माहितीये.

टॅटूबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगतो. हातावर गणपतीचं लाइन वर्क केलं, रेघा क्लीन, सुई समोर सीलबंद पाकिटातून काढली, ग्लोव्हज वगैरे सगळं व्यवस्थित. गेम झाला काउंटरवर. तिथल्या पोराने एक छोटी पांढरी डबी पुढे केली, "सर हे आमचं इम्पोर्टेड हीलिंग बाम, १,८०० रुपये, दुसरं काही लावलंत तर फ्री टचअप मिळणार नाही." आता ७,००० चा टॅटू काढून झाल्यावर माणूस टचअपवर (पुसट झालेल्या रेघा नंतर परत भरून देतात ते) पाणी सोडतो का? घेतली.

आणि क्रीम कसली भारी चालली म्हणून सांगू. नवीन टॅटू म्हणजे शेवटी जखमच, पहिले दोन-तीन दिवस लाल होतं, थोडी लस येते, मग आठवड्याभरात कातडी सुटायला लागते, खाज सुटते, वरची कातडी भरायला दोन-तीन आठवडे तरी जातात. माझ्या हाताला ना लाली ना खाज. पथकात सगळे विचारायला लागले कुठली क्रीम रे.

डबी संपली आणि तमाशा सुरू. टॅटूभोवती लाल चट्टे, सोंडेच्या बाजूला पू भरलेल्या पुळ्या, रात्री खाजेने झोप नाही. स्टुडिओला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर उत्तर काय, "कोर्स अर्धवट राहिला सर, अजून एक डबी लागेल." म्हणजे अजून १,८००!

तिकडे गेलो भांडायला, दुपारची वेळ, काउंटरवर कोणी नाही म्हणून आत डोकावलो तर तोच पोरगा स्टुलावर बसून मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ट्यूबा पिळून पिळून डब्यांमध्ये भरतोय, बाजूला रिकाम्या ट्यूबांचा ढीग. एक उचलून वाचली. क्लोबेटासोल, सोबत एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध, शेड्यूल एच, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही अशी वॉर्निंग, लाल उभी रेघ. विचारलं हे काय, तर म्हणतो "सरांचा फॉर्म्युला आहे." धन्य तो सर आणि धन्य त्याचा फॉर्म्युला.

स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूबचा फोटो बघून डोक्याला हात लावला. क्लोबेटासोल हे एकदम स्ट्राँग स्टिरॉइड, लाली आणि खाज दाबून टाकतं म्हणून आपल्याला वाटतं बरं होतंय, पण जखम उलट उशिरा भरते, कातडी पातळ पडू शकते आणि आत इन्फेक्शन धरलं असेल तर वरून कळतच नाही, बंद केलं की सगळं उसळून वर येतं. ढोल पण बंद करायला लावला, घाम आणि धूळ नको म्हणून. नवीन टॅटूला खरं तर काहीच महागडं लागत नाही म्हणाले, हात धुऊन मगच टॅटूला हात लावायचा, बिनवासाच्या माइल्ड साबणाने हलकं धुवायचं, टिश्यूने टिपायचं, घासायचं नाही, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ थर, खपल्या उपटायच्या नाहीत, भरेपर्यंत स्विमिंग आणि ऊन बंद. लाली पसरत चालली, पू आला, ताप आला तर सरळ डॉक्टर, स्टुडिओचा व्हॉट्सॲप नाही.

कुठलीही डबी हातात आली की आधी उलटी करून बघा. कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी, इम्पोर्टेड असेल तर इम्पोर्टरचं नाव, हे सगळं छापलेलं पाहिजे. माझ्या डबीवर फक्त स्टुडिओचा लोगो होता.

पैसे परत मागितले, नाही म्हणाले. मग ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला, त्यांनी बिल मागितलं, आणि बिल काढून बघतो तर एकच ओळ: "टॅटू सर्व्हिस ८,८००." बामचं नावच नाही! यूपीआयने पण एकदमच दिलेले. त्यामुळे स्टुडिओत काहीही विकत घेतलंत तर त्याची बिलावर वेगळी ओळ टाकून घ्या, तिथेच उभं राहून. मी आता डबी, ट्यूबचा फोटो आणि ते "अजून एक डबी लागेल" वालं चॅट जोडून एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार टाकलीये. सोंडेजवळची रेघ पुसट झालीये, टचअप दुसरीकडे करणार, पण डॉक्टर हो म्हणाल्यावरच.