गर्भविकास चाचणी की दोन पिढ्यांची चाचणी?

मराठवाड्यात कपाशीच्या फवारणीत बायकाही पाणी आणून देतात, औषध कालवतात. म्हणून कीटकनाशकाचा पुढच्या पिढीवरील परिणाम कोणत्या चाचणीत नेमका उमगतो, हे इथे महत्त्वाचे ठरते. गर्भविकास चाचणीत प्रयोगातल्या प्राण्याच्या गाभण मादीला गर्भधारणेच्या काळात रोज रसायनाची मात्रा देऊन प्रसूतीच्या आदल्या दिवशी गर्भांची हाडे व अवयव तपासतात. व्यंग कळते, पण पिल्लू जन्मतच नाही, म्हणून जन्मानंतरचा परिणाम दिसत नाही. दोन पिढ्यांच्या चाचणीत उंदरांच्या नर-मादी दोघांनाही समागमापूर्वी किमान 10 आठवडे रसायन दिले जाते, कारण शुक्राणू तयार होण्याचे पूर्ण चक्र त्यात सामावते. पुढे पिलांचे दूध पिणे, वयात येणे आणि त्यांची स्वतःची प्रजननक्षमताही पाहतात. ही चाचणी खर्चिक आहे, प्राणीही पुष्कळ लागतात, तरी वर्षानुवर्षे थोडे थोडे विष अंगावर घेणाऱ्या शेतमजुराच्या स्थितीला मला तीच अधिक जवळची वाटते.